अर्धं कर्ज नको

भंडाऱ्याच्या बाजारातल्या त्या ठोक दुकानदारानं माझ्या पिशवीतलं पीठ चिमटीत घेतलं, जिभेच्या टोकावर ठेवलं आणि पिशवी माझ्याकडे परत सरकवली.

"बाई, याच्यात गहू आहे."

"नाई जी," मी म्हणाले, "निव्वळ शिंगाडा आहे. माह्या हातानं सोलला, माह्या हातानं वाळवला."

"आन दळला कुठी?"

"गावच्या चक्कीवर."

"मंग झालं ना! तुमच्या आधी कोणी गहू दळून गेलं असन. उपासाच्या बाईनं हे खाल्लं तर तिचा उपास मोडते आन माहं गिऱ्हाईक तुटते."

त्याच्या दुकानात भगर, साबुदाणा, राजगिरा, सगळा उपासाचाच माल. चाळीस वर्षांचं दुकान, वडिलांपासूनचं. तो चिडला नव्हता, हसलाही नव्हता. मी पिशवीचं तोंड बांधत होते तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं, "चव चांगली आहे. वाळवणही चांगलं आहे. निव्वळ आणा, जेवढं आणाल तेवढं घेतो. महाशिवरात्रीपुरतंच नाई, सालभर."

परतीच्या एसटीत ती सात किलोची पिशवी मांडीवर घेऊन मी बसले. आधी दुकानदाराचा राग आला, मग आमच्या गावच्या चक्कीवाल्याचा. पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? तो रोज गहू, तांदूळ, ज्वारी दळतो. माझ्या सात किलोसाठी तो चक्की धुऊन थोडीच काढणार होता. पवनीच्या अलीकडे कुठंतरी माझ्या मनात पक्कं झालं की चक्की माझी स्वतःची पाहिजे. तिच्यात शिंगाड्याशिवाय दुसरा दाणा पडता कामा नये.

मी तलावावरच्या घरात जन्मले आणि तलावावरच्याच घरात दिली गेले. आसगावला माझं सासर. भोवती सगळी धानाची शेती, पण आमच्या घराला शेत नाही. आमचं घर तलावावर चालतं. पुरुष मासे धरतात आणि पावसाळ्यात तलावात शिंगाड्याचे वेल लावतात. कोजागिरीपासून तोडणी सुरू होते. नवरा डोंग्यात बसून वेल उलटवतो, शिंगाडे तोडतो, आणि आम्ही बाया तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून निवडतो. दुपारपर्यंत व्यापाऱ्याची पिकअप येते. ओला शिंगाडा दोन दिवसांत उतरतो, हे आम्हाला माहीत आणि त्यालाही माहीत, म्हणून भाव तो सांगेल तोच. जून झालेला, कडक शिंगाडा तो घेतच नाही. तो आम्ही घरी आणायचा, पावशीवर म्हणजे विळीवर सोलायचा, आतली गिरी वाळवायची आणि वाण्याला विकायची. शिंगाड्याला दोन काटे असतात. दिवसभर बसलं तरी एका बाईची एक टोपली होते, आणि बोटं काळी पडतात ती संक्रांतीपर्यंत काळीच राहतात.

सोलायचं मशीन असतं हे मी फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं. नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे आपल्याकडचं नोहे." पण दुकानदाराकडून आल्यावर मी त्याला रोज तेच दाखवायला लागले. शेवटी एक दिवस तो मला मोटारसायकलवर बसवून नागपूरला घेऊन गेला. एका कारखान्याच्या शेडमध्ये ते मशीन उभं होतं. मालकानं ते चालवून दाखवलं. आमच्या गावातल्या दहा बायांचं दिवसभराचं काम त्यानं आम्ही चहा पिईपर्यंत केलं. सोबत वाळवायचं कपाट आणि पीठ दळायची लहान चक्की. तिन्हीचं त्यानं कोटेशन लिहून दिलं. आकडा वाचून नवऱ्यानं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

बँकेत आम्ही दोघं गेलो. तारण न मागता लहान उद्योगाला कर्ज देण्याची सरकारी योजना आहे, एवढं मी बचत गटाच्या बैठकीत ऐकलं होतं. कर्जाच्या टेबलावर एक तिशीतला अधिकारी होता, मराठवाड्याकडचा. त्यानं आमचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग आधार कार्डांवरून संगणकावर काही पाहिलं आणि स्क्रीन नवऱ्याकडे वळवली.

"तुम्ही कुणाला जामीन राहिला होता का?"

नवऱ्याची मान खाली गेली. लग्नाआधी तो आपल्या मावसभावाच्या रिक्षासाठी जामीन राहिला होता. मावसभाऊ रिक्षा विकून पुण्याकडे गेला, आणि कर्ज तसंच राहिलं. ही गोष्ट मला त्या टेबलावर कळली. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

"यांचं नाव असेल तर अर्ज पुढे जाणार नाही," अधिकारी म्हणाला.

"मंग माह्या एकटीच्या नावानं करा."

त्यानं माझाही नंबर टाकला. "तुमचं तर काहीच नाही, ताई. कधी कर्ज नाही, कधी हप्ता नाही. खात्यावर वर्षाला चार व्यवहार. तुमचा इतिहासच नाही. कशावर देऊ?"

बाहेर आल्यावर बँकेच्या पायरीपाशी नवरा म्हणाला, "मी तुले सांगणारच होतो."

"कधी?"

त्यानं मोटारसायकलला किक मारली. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो तलावावरून आला आणि म्हणाला, "जे म्हणशील ते करतो. गाडी चालवाले सांग, माल उचलाले सांग. फक्त माहं नाव कुठी लावू नको, त्यानं तुहं काम बिघडते." माझा राग त्यानंतर टिकला नाही. पण यापुढं जे काही उभं राहील ते माझ्याच नावावर उभं करायचं, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

गावात गोष्ट लपत नाही. आठवड्याभरात व्यापाऱ्याची पिकअप आमच्या दारात उभी राहिली. तो खुर्चीवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "वहिनी, बँकेत कायले चपला झिजवून राहिल्या? मशीनचे पैसे मी देतो. कागद नाई, सही नाई. माल फक्त मले द्यायचा. पीठ काय, गिरी काय, सगळा मलेच."

"भाव?"

"भाव काय, आपलेच आहोत ना."

नवऱ्यानं माझ्याकडे आशेनं पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले, आणि चुलीपाशी उभी राहून विचार केला. पैसे उद्या मिळणार होते. एकही फॉर्म भरायचा नव्हता. पण आज तो ओल्या शिंगाड्याचा भाव ठरवतो, उद्या पिठाचाही तोच ठरवणार. मशीन माझ्या घरात राहील आणि कुलूप त्याचं राहील. मी चहा दिला आणि म्हणाले, "भाऊ, बँकेनं नाई म्हटलं तर पाहू." त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

इतिहास नाही तर इतिहास करायचा, एवढंच मला त्या अधिकाऱ्याच्या बोलण्यातून समजलं होतं. बचत गटात आम्ही अकरा जणी. मी बैठकीत उभी राहून एक सेकंड हँड घरघंटी घेण्यापुरतं कर्ज मागितलं. खजिनदार बाईनं विचारलं, "शिंगाडा सरला की कशानं फेडशील?" मी म्हणाले, "धान कापणीले जाईन, रोवणीले जाईन, पण हप्ता चुकवणार नाई." त्यांनी दिलं. पवनीतल्या एका बाईकडून मी घरघंटी आणली. तिच्यात पूर्वी गहू दळला गेला होता, म्हणून तिचा डबा, जाळी, पाती सगळं सोडवून तीन वेळा धुतलं, उन्हात ठेवलं आणि पहिली दोन पायली शिंगाड्याची गिरी दळून ते पीठ गाईला घातलं.

त्या वर्षी मी पाळीवरच्या बायांकडून जून शिंगाडा विकत घेतला, जो व्यापारी टाकून द्यायचा तो. सोलणं अजून हातानंच होतं. पीठ घेऊन मी पुन्हा भंडाऱ्याला गेले. दुकानदारानं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि पीठ काट्यावर घ्यायला सांगितलं. रोख पैसे तो गल्ल्यातून काढायला लागला तेव्हा मी हात पुढे केला नाही.

"शेठजी, खात्यावर टाका."

"काहून? रोख नको?"

"मले बँकेले दाखवाचं आहे."

तो हसला, पण त्यानं टाकले. तेव्हापासून प्रत्येक खेपेचे पैसे खात्यावर. मी बायांना दिलेले पैसेही खात्यावरूनच गेले. काही जणींच्या फोनमध्ये ती सोय नव्हती, तर त्यांच्या पोरींच्या फोनवर. गटाचा हप्ता एकदाही चुकला नाही. उन्हाळ्यात खरंच मी मजुरीला गेले. कधी कधी रोजीचे पैसेसुद्धा मी आधी खात्यावर भरायचे आणि मग काढायचे. बँकेतला शिपाई मला पाहून म्हणायचा, "आल्या का पासबुकवाल्या बाई."

पुढच्या पावसाळ्यात मी पासबुक घेऊन त्याच टेबलासमोर बसले. अधिकारी तोच होता. त्यानं पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि म्हणाला, "हे सगळं एका घरघंटीवर?"

"हो जी."

"आता दोन कागद लागतील. माल कोण विकत घेणार त्याचं पत्र, आणि कच्चा माल कुठून येणार त्याचं पत्र. तलाव काही तुमच्या नावावर नाही ना?"

तलाव कोणाच्याच नावावर नसतो. तो मच्छीमार संस्थेला ठेक्यानं मिळतो आणि शिंगाडा लावायचा हक्क सभासदांचा असतो. पहिलं पत्र सोपं होतं. दुकानदारानं आपल्या छापील कागदावर दोन ओळी लिहून शिक्का मारून दिला. दुसरं पत्र संस्थेच्या अध्यक्षाकडून हवं होतं, आणि अध्यक्ष माझे भासरे होते, नवऱ्याचे सगळ्यात मोठे भाऊ.

आमच्याकडे भासऱ्यांशी सून तोंडावर बोलत नाही. ते आले की पदर डोक्यावर घेऊन बाजूला व्हायचं. काही सांगायचं असेल तर मुलांना पाठवायचं किंवा भिंतीकडे पाहून सांगायचं. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती आणि मी त्यांना सरळ एक प्रश्न विचारला नव्हता. नवरा म्हणाला, "मी बोलतो दादाशी." तो गेला आणि परत आला. "दादा म्हणते, ज्याले पत्र पायजे त्यानं संस्थेत येऊन मांगावं. मी घरच्याले घरात पत्र देत नसतो."

संस्थेची बैठक समाजमंदिरात होती. वीस-बावीस पुरुष सतरंजीवर बसले होते. मी पदर सारखा केला, दारातून आत गेले आणि उभी राहिले. भासरे समोरच बसले होते. त्यांनी नजर वर केली नाही. ते शेजारच्या सचिवाला म्हणाले, "बाईले इचार, का काम आहे."

सचिवानं विचारायच्या आधीच मी बोलले. "दादाजी, मी मशीन आणून राहिली. सभासदाईचा शिंगाडा मी घेईन. ओला घेईन आन जूनही घेईन. तसं बँकेले लिहून पायजे."

एक म्हातारा सभासद म्हणाला, "व्यापारी आठव्या दिवशी पैसे देते. तू कधी देशील?"

"आठव्याच दिवशी."

"आन चांगला चांगला घेऊन काळा आमच्याकडे टाकशील," दुसरा म्हणाला.

"सगळा घेईन. निवडून घेणार नाई."

आता भासऱ्यांनी मान वर केली. तरीही ते सचिवाकडेच पाहून बोलले, पण शब्द माझ्यासाठी होते. "तिले सांग, दोन गोष्टी पत्रात लिवतो. सगळा माल, आन आठ दिवसांत पैसे. एक जरी मोडली तरी पत्र वापस."

"लिवा," मी म्हणाले.

सचिवानं लिहिलं, भासऱ्यांनी सही केली. तो कागद मी तिथंच उभ्यानं वाचला आणि घडी घालून पदराला बांधला.

घरी आल्यावर मात्र मी त्या कागदाकडे पाहत बसले. सगळा माल घ्यायचा आणि आठ दिवसांत पैसे द्यायचे. पीठ विकून पैसे यायला महिना लागतो. म्हणजे मशीनच्या पैशाएवढीच गरज माल घ्यायच्या पैशाची होती. मी अर्जात दोन्ही मागितले होते, मशिनरीसाठी वेगळे आणि खेळत्या भांडवलासाठी वेगळे. आता ते दुसरे पैसे नसतील तर माझी सही खोटी ठरणार होती.

तोडणीला तीन आठवडे राहिले असताना बँकेतून फोन आला. मी धावत गेले. अधिकारी उठून उभा राहिला. "अभिनंदन ताई. मशिनरीचं कर्ज मंजूर झालं."

"आन माल घ्याचे?"

"ते पहिल्या वर्षी देत नाहीत. आधी हे हप्ते भरून दाखवा, पुढच्या वर्षी बघू. सही करा."

त्यानं पेन पुढे केलं. मी ते घेतलं. त्या क्षणी सही करणं किती सोपं होतं ते आजही आठवतं. मागे रांगेत माणसं होती, पंखा करकरत होता, आणि दोन वर्षं ज्यासाठी धावले ते समोर पडलं होतं. पण मला डोळ्यांसमोर मशीन उभं दिसत होतं, पाळीवर बाया माल घेऊन बसलेल्या दिसत होत्या, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. दोन आठवडे त्या थांबतील, मग पिकअपकडे जातील. मशीन बंद पडेल. हप्ता काही बंद पडणार नाही.

मी पेन टेबलावर ठेवलं. "साहेब, मंग मले नको."

"काय नको?"

"हे कर्ज. अर्धं कर्ज नको. चूल दिली आन तांदूळ नाई दिला, तर चुलीचे हप्ते कशानं भरू?"

"ताई, याच टेबलासमोर लोक कर्जासाठी रडतात. तुम्ही मंजूर झालेलं सोडताय?"

"रडून घेतलं असतं तर फेडतानाही रडली असती."

त्यानं एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तसं असेल तर लिहून द्या. कारणासहित."

मी दहावी शिकलेली आहे. अर्ज लिहायची सवय नव्हती, पण लिहिलं. मशीन मिळेल पण शिंगाडा घ्यायला पैसे नसतील तर मशीन बंद राहील आणि बँकेचे पैसे बुडतील, म्हणून मी अपुरी रक्कम घेऊ शकत नाही, पूर्ण रकमेचा विचार व्हावा. खाली सही केली. त्या बँकेत मी केलेली ती पहिली मोठी सही होती आणि ती नकाराची होती.

घरी सांगितल्यावर नवरा उभाच राहिला. "येडी झाली का व तू? मंजूर झालेलं वापस केलं?" सासूनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, "लय शाहणी झाली ते," आणि ते मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली. गटातल्या दोघींनी व्यापाऱ्याकडून येणाऱ्या मालावर उचल घेतली. त्यांचा मी राग मानला नाही, दिवाळी तोंडावर होती. पण त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. आपण चूक केली का, हे मी स्वतःला दिवसातून कितीदा तरी विचारायचे, आणि दर वेळी हिशेब तोच यायचा. मग मी उठून पुन्हा कामाला लागायचे. मशीन ठेवायला घराच्या बाजूची खोली रिकामी केली, भिंती चुन्यानं रंगवायला घेतल्या. नवरा दोन दिवस पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातातला ब्रश घेतला आणि म्हणाला, "वरचं तुले पुरत नाई, सरक."

तोडणी सुरू झाली. मशीन नव्हतं, घरघंटी होती. मी मागच्यासारखाच जून शिंगाडा घेत होते. एका सकाळी पाळीवर मोटारसायकल थांबली आणि बँकेचा अधिकारी उतरला. त्यानं सांगितलं की माझं पत्र त्यानं वरच्या ऑफिसला जसंच्या तसं पाठवलं होतं, आणि त्यांनी जागेवर जाऊन चौकशी करायला सांगितलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत वळवून तो चिखलातून आला. बायांच्या टोपल्या पाहिल्या, डोंग्यातून उतरणारा माल पाहिला. भासरे तिथंच होते. त्यानं त्यांना विचारलं, "अध्यक्ष, ही बाई माल घेऊन वेळेवर पैसे देईल याची खात्री काय?"

मला वाटलं, भासरे घरची इज्जत म्हणून काही चांगलं बोलतील. ते म्हणाले, "खात्री मी कायले देऊ जी? ते माह्या घरची आहे, मी चांगलंच सांगन. ह्या बायाईले इचारा. मागच्या साली त्याईनच माल देला."

अधिकारी बायांकडे वळला. एकीनं सांगितलं, पैसे मिळाले. दुसरीनंही तेच सांगितलं. तिसरी, जी सगळ्यांत फटकळ, ती म्हणाली, "एक डाव दोन दिवस लेट केले होते."

"काहून लेट झाले ते सांग ना," मी म्हणाले.

"शेठनं उशिरा टाकले म्हणे. पण मंग तिनं सोताच्या मजुरीतून देले. ते मले मालूम आहे, तिच्यासंगच मी धान कापणीले होती."

अधिकाऱ्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं, दोन दिवसांचा उशीरसुद्धा. जाताना त्याला ओले शिंगाडे पिशवीत बांधून द्यायला गेले तर तो घेईना. म्हणाला, "चौकशीला आलोय ताई, विकत घेतो." आणि खरंच तोलून विकत घेतले.

पंधरा दिवसांनी दोन्ही मंजूर झालं. मशीन आणि वाळवण-चक्कीचं पूर्ण, माल घ्यायचं मी मागितलं होतं त्यापेक्षा थोडं कमी. तेवढ्या फरकाला मी ताणलं नाही. कुठं थांबायचं हेही कळायला हवं. सही केली तेव्हा नवरा बाजूच्या खुर्चीवर बसला होता. त्याचं नाव कागदावर नव्हतं, पण पासबुक, कोटेशन, पत्रं यांची फाईल त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

मशीन यायला डिसेंबर अर्धा गेला. रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकनं ते भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर उतरवलं, कारण ते भाडं स्वस्त पडत होतं. तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही दोघं त्याच्यासोबत बसून गावात आणलं. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटं चाललं आणि अडकलं. आमच्या तलावातल्या शिंगाड्याचे काटे जाड, ते जाळीत फसायचे. कारखान्याचा मालक फोनवर सांगत राहिला, नवरा पाने-पक्कड लावत राहिला. माणसं खिडकीतून पाहत होती. कोणी म्हणालं, "गेले पैसे पान्यात." चौथ्या दिवशी असं लक्षात आलं की आधी कात्रीनं काटे छाटून टाकले तर मशीन अडकत नाही. ते काम मी चार बायांना दिलं. कात्रीनं काटे छाटणं पावशीवर सोलण्यापेक्षा कितीतरी सोपं. त्यांना त्याची रोजी मिळायला लागली.

त्या हंगामात मशीन जेमतेम तीन आठवडे चाललं. पण जेवढा माल आला तेवढा सगळा घेतला, काळा घेतला, जून घेतला, आणि आठव्या दिवशी पैसे दिले. महाशिवरात्रीच्या आधी दुकानदारानं सगळं पीठ उचललं आणि अजून मागितलं. माझ्याकडे नव्हतं. उन्हाळ्याचे हप्ते पुन्हा मजुरीतून आणि माशांतून भरले. एक हप्ता भरायच्या दिवशी खात्यावर दोनशे रुपये कमी होते. सासूनं न विचारता तिच्या बटव्यातून काढून दिले.

यंदा मशीनचा तिसरा हंगाम आहे. व्यापाऱ्याची पिकअप अजून येते, चांगला ओला माल नेते. पण भाव सांगायच्या आधी तो विचारतो, मशीनवर काय चालू आहे. बँकेतल्या त्या अधिकाऱ्याची बदली झाली. जाताना त्यानं फोन केला होता, नवीन साहेबाला फाईल दाखवून ठेवली आहे म्हणाला. तलावाचा ठेका दोन वर्षांनी संपतो. पुढे संस्थेला मिळेल की नाही, कोणाला ठाऊक. म्हणून मी आतापासून आजूबाजूच्या दोन बोड्यांवरच्या, म्हणजे लहान तलावांवरच्या, बायांशी बोलून ठेवलंय. काल त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. "बाई, आमचाही जून शिंगाडा घेशील का? सहा कट्टे भरून आहेत."

"घेईन," मी म्हणाले. "पण सकाळी लवकर आणजो. दुपारी लाइन जाते."